अंगावर पित्त उठतं का तुमच्या? अनुभव लिहा

परवा पाठीला खाज सुटली म्हणून फुटपट्टीने खाजवलं तर पाच-दहा मिनिटांत दोरीसारख्या लाल रेघा. लेकाने मग माझ्या दंडावर बोटाच्या नखाने स्वतःचं नाव लिहिलं आणि ते चक्क उमटलं! अर्ध्या तासात गायब. सासूबाईंनी लगेच आमसुलं भिजत घातली. डॉक्टर म्हणे डर्मोग्राफिझम, त्वचेतल्या मास्ट सेल्स नावाच्या पेशी जरा घासलं तरी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात, मग बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून गांध उठते. पोटातल्या पित्ताचा काही संबंध नाही. तुमचं काय?

गारठा: माझं थंडीने उठतं. डॉक्टरांनी पिशवीत बर्फाचा खडा घालून पाच मिनिटं हातावर ठेवला, काढल्यावर बरोब्बर खड्याच्या आकाराची गांध! एकट्याने विहिरीत उडी मारायची नाही अशी ताकीद आहे, सगळं अंग एकदम गार पडलं तर बीपी कोसळू शकतं म्हणे.

मालवणी पोर: मालवणचा असून कोलंबी चालत नाही, हसा आता. ओठ सुजले, श्वास अडकला, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन घ्यावं लागलं. घरात बाबांना दमा, बहिणीला एक्झिमा, म्हणजे वारशात कोलंबीची अ‍ॅलर्जी नाही येत, अ‍ॅलर्जीचा कल येतो. सगळा आयजीई अँटिबॉडीचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा खेळ. १९२१ मध्ये प्राउसनिट्झ नावाच्या डॉक्टरने मासे न चालणाऱ्या क्युस्टनर या सहकाऱ्याचं सीरम (रक्तातला पातळ भाग) स्वतःच्या कातडीत टोचलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला तर गांध आली. काय धाडस!

वांगीप्रेमी: आठ महिने रोज उठत होतं. वांगी, दही, आंबवलेलं सगळं सोडलं. शेवटी निघालं ऑटोइम्यून, शरीर स्वतःच्याच मास्ट सेल्सना डिवचतंय. फुकट गेली माझी भरली वांगी.

तिसरी पिढी: आमच्याकडे खाज नाही, गांध नाही, नुसती सूज. कधी हात, कधी ओठ, कधी पोटात आतून, तेव्हा तर लोळायची वेळ येते. आजोबा घसा सुजून गेले, गावात करणी म्हणाले. बाबांना आणि मला वर्षानुवर्षं अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड दिले, ढिम्म फरक नाही, कारण इथे हिस्टामिन नाहीच, ब्रॅडिकायनिन हे सूज आणणारं दुसरंच रसायन आहे. अकराव्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमधला बिघाड, त्यामुळे ते आवरणारं सी१ इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी पडतं. दाढ काढल्यावर माझा चेहरा भोपळा झाला तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अजून कुणाला? मुलांत उतरायची शक्यता ५० टक्के. धाकटीची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे.

धागाकर्ती: अगं बाई! कोणती टेस्ट करतात?

तिसरी पिढी: आधी रक्तातलं सी४ नावाचं प्रथिन बघतात, मग सी१ इनहिबिटर. कळवते काय येतं ते.