मे महिन्यात घरी रोल धुणे: पाणी २९ अंश, निगेटिव्ह पातळ, आभाळावर पट्टे

नवी_रीळ
मंडळी, घरी धुतलेल्या कृष्णधवल रोलबद्दल मदत हवी आहे. सगळे तपशील देतो.

कॅमेरा मिनोल्टा एसआरटी १०१, भिंग ५० मिमी एफ/१.७. फिल्म इलफर्ड एचपी५ प्लस, एएसए (उजेडाला फिल्म किती संवेदनशील त्याचा आकडा) ४०० वरच वापरलेली. अर्धा रोल कसब्यातल्या गल्ल्या आणि वाड्यांच्या ओसऱ्या, अर्धा पर्वतीवर उन्हात. मीटर कॅमेऱ्याचाच, त्यात दुकानात मिळाला तो ६२५ आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल.

डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) आयडी-११, १+१, म्हणजे एक भाग मूळ द्रावण आणि एक भाग पाणी. टाकी पॅटरसनची, दोन स्पायरलची (फिल्म गुंडाळायच्या चक्र्या). रोल एकच, द्रावण ३०० मिली. धायरीत आमच्या सोसायटीला टँकरचं पाणी येतं, सध्या २९ अंश. तक्त्यात २० अंशाला १३ मिनिटं दिली आहेत. मोबाइलवरच्या ॲपने २९ साठी साडेपाच मिनिटं काढून दिली. दर ३० सेकंदांनी टाकी जोरात हलवली. स्टॉपऐवजी (डेव्हलपिंग थांबवणारं आम्लाचं द्रावण) साधं पाणी, मग रॅपिड फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) १+४ पाच मिनिटं, नळाखाली दहा मिनिटं, आणि पंख्याखाली वाळत.

दोष तीन: निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, सावल्यांत काहीच नाही. स्कॅन केल्यावर आभाळात, फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या रांगेपासून आत येणारे उजळ पट्टे. आणि वाळल्यावर पांढुरकी वर्तुळं. तिन्हींचं मूळ गरम पाणीच आहे का? बर्फ टाकून २० अंशावर आणायचं का?

हायपो
तिन्हींचं मूळ एक नाही, म्हणून एकेक वेगळं काढू. पातळपणाचा प्रश्न आधी, कारण तिथे तुमचा रोख चुकीच्या जागी जाण्याची शक्यता आहे.

निगेटिव्ह उजेडावर धरा आणि चित्रं सोडून कडेची अक्षरं बघा. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात, त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी संबंध नाही. ती अक्षरं काळीभोर आणि रेखीव असतील तर डेव्हलपिंग पुरेसं झालंय आणि उजेड कमी पडलाय. अक्षरंसुद्धा फिकट राखाडी असतील तर धुण्यात कमी पडलंय. सावल्या पूर्ण कोऱ्या आणि उन्हातल्या भिंती मात्र ठीक, असं असेल तर बहुतेक पहिलंच कारण. सावलीतला तपशील एक्स्पोजर ठरवतो; डेव्हलपिंगचा वेळ मुख्यतः उजळ भागांची घनता ठरवतो. जे फिल्मवर उतरलंच नाही ते जास्त वेळ धुऊन येत नाही.

पट्ट्यांचं कारण तुमच्याच आकड्यांत आहे. साडेपाच मिनिटं फार कमी. वेळ पाच मिनिटांच्या जवळ आला की द्रावण ओतायला आणि काढायला लागणारे दहा-पंधरा सेकंदही मोठा हिस्सा होतात आणि धुलाई असमान होते. त्यात दर ३० सेकंदांनी जोरात हलवणं. छिद्रांतून द्रावण झोताने आत येतं, तिथे जास्त डेव्हलपिंग होतं, निगेटिव्हवर गडद पट्टा पडतो आणि स्कॅनमध्ये तो उजळ दिसतो. इलफर्डची पद्धत सौम्य आहे: सुरुवातीच्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा सावकाश उलटी-सुलटी, मग प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तसंच चार वेळा. प्रत्येक वेळी शेवटी टाकी ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. बुडबुडा चिकटून राहिला तर निगेटिव्हवर लहान गोल पारदर्शक ठिपका येतो. तुमची पांढुरकी वर्तुळं ती नव्हेत, ती पाण्याची आहेत.

एका स्पायरलवर ३५ मिमीला २९० मिली लागतं, म्हणजे ३०० पुरतं, पण जेमतेम. रोल खालच्या स्पायरलवर आणि वर रिकामी स्पायरल असलीच पाहिजे. नाहीतर टाकी उलटवताना भरलेली स्पायरल दांड्यावर वर सरकते आणि फिल्मची एक कड द्रावणाबाहेर राहते.

सहा_बाय_सहा
तापमानाबद्दल माझं मत थोडं वेगळं. २० अंशाच्या मागे लागू नका. खोली ३४ अंश असताना २० अंशाचं द्रावण दहा मिनिटांत तीन-चार अंश सहज चढतं, आणि मग नेमका कोणता आकडा धरायचा तेच कळत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात २४ अंश धरा. एचपी५ला आयडी-११ १+१ मध्ये २० अंशाला १३ मिनिटं, तर २४ ला साधारण ९ मिनिटं. वेळ पाचाच्या बराच वर राहतो आणि पारा गाठणंही सोपं.

बर्फ थेट डेव्हलपरमध्ये कधीच नको. किती वितळला ते मोजता येत नाही आणि १+१ चं काय झालं ते समजत नाही. त्याऐवजी मिसळायचं पाणीच थंड घ्या. हिशोब असा: एकूण ६०० मिली करायचंय, मूळ द्रावण ३०० मिली ३० अंशाला आहे. २४ हवं तर उरलेलं ३०० मिली पाणी १८ अंशाचं पाहिजे. फ्रिजमधलं ८ अंशाचं पाणी १६५ मिली आणि बाहेरचं ३० अंशाचं १३५ मिली एकत्र केलं की ते १८ च्या आसपास येतं. थर्मामीटरने पडताळा, कारण प्रत्येकाच्या फ्रिजचं पाणी वेगळं. टाकी पूर्ण ६०० ने भरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे जास्त द्रावण सावकाश तापतं.

मग एका घमेल्यात किंवा टबात आठ-दहा लिटर २४ अंशाचं पाणी घेऊन डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणी सगळं त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. टाकीही हलवण्याच्या मधल्या वेळात तिथेच. टबात पाणी गोठवलेली एक बाटली सोडली, काढली, की पारा हवा तिथे राहतो. मे महिन्यात माठाचं पाणी या टबासाठी उत्तम: हवा कोरडी असल्याने ते बाष्पीभवनाने चांगलं थंड होतं आणि बऱ्याचदा काही न करता २४च्या जवळ सापडतं. जुलैमध्ये दमट हवेत माठ तेवढं काम करत नाही, पण तेव्हा नळाचंच पाणी गार असतं.

डोळस_भिंग
पाण्याच्या डागांबद्दल. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी तुलनेने हलकं असतं, बोअर आणि बोअरवर भरलेल्या टँकरचं जड. पंख्याखाली थेंब झपाट्याने आटला की त्यातले क्षार फिल्मवर वर्तुळ होऊन बसतात. स्टीलच्या तांब्यावर जे पांढरं चढतं तेच हे.

आता यात तीन गोष्टी बदला. डेव्हलपर आणि शेवटची विसळणी डिस्टिल्ड पाण्यात. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. शेवटच्या विसळणीत वेटिंग एजंट (थेंब न साचता पाणी निथळावं म्हणून घालायचं द्रव) १+२००, म्हणजे ६०० मिलीला ३ मिली, सिरिंजने मोजून. जास्त घातलं तर त्याचेच ओघळ उमटतात. भांड्यांचा साबण नको, त्यात रंग आणि सुगंध असतो. ही विसळणी स्पायरलवर करू नका, फिल्म उतरवून वेगळ्या भांड्यात करा, कारण वेटिंग एजंट प्लास्टिकच्या खाचांत बसतो आणि पुढच्या वेळी फिल्म चढताना अडकते.

पंखा पूर्ण बंद. न्हाणीघरात दोन मिनिटं गरम पाण्याचा शॉवर सोडून धूळ खाली बसवा, बंद करा, मग फिल्म टांगा, खाली वजनाची क्लिप. मे महिन्यात दीड-दोन तास, पावसाळ्यात चार ते सहा तास धरा. घाईने हेअर ड्रायर लावू नका. फिल्म वळते आणि ओल्या जिलेटिनमध्ये धूळ रुतते.

आत्ताचा रोल वाचेल. डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं भिजवा. वर्तुळं तशीच राहिली तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग यात दोन-तीन मिनिटं, मग धुऊन पुन्हा वेटिंग एजंट. ओल्या फिल्मवर बोट किंवा कापड फिरवू नका.

हेच किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर स्टॉपसाठीही चालतं: एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, ३० सेकंद. नऊ मिनिटांच्या धुलाईत साध्या पाण्यानेही भागतं, पण मग डेव्हलपर फिक्सरमध्ये जातो आणि फिक्सर लवकर संपतो.

हायपो
डोळस_भिंग यांच्या यादीत फिक्सरनंतर पाण्याने धुण्याची भर. टाकीत २४ अंशाला फिक्स करून लगेच २९ अंशाच्या नळाखाली धरणं टाळा. आजच्या फिल्मचं जिलेटिन एवढ्याने सुरकुतत नाही, तरी पाच अंशांची उडी कशाला. इलफर्डच्या पद्धतीने दोन लिटरपेक्षा कमी पाण्यात काम होतं: टाकी भरा, पाच वेळा उलटवा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा. टँकरवर राहणाऱ्या माणसासाठी हे तसंही गरजेचं. फक्त फिक्सरमध्ये हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) असेल तर ही पद्धत पुरत नाही, जास्त धुवावं लागतं.

फिक्सर तपासायची सोपी रीत: रोलचं कापून टाकलेलं तोंड उजेडातच फिक्सरमध्ये सोडा. पारदर्शक व्हायला ४५ सेकंद लागले तर निदान दीड मिनिट फिक्स करायला हवं, तुमची पाच मिनिटं भरपूर. ताज्या फिक्सरला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट लागू लागला की तो संपला. संपलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेली चांदी असते. प्लास्टिकच्या बादलीत स्टील वूलचा गोळा टाकून काही दिवस ठेवला की लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन खाली बसते.

कॅसेट_३५
१+३ चा विचार का नाही? २० अंशाला २० मिनिटं, म्हणजे २४ ला १४ च्या आसपास. गरमीत वेळेची चूक आणखी कमी जाणवेल.
आणि जुन्या मीटरची कटकट नको असेल तर २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ आहे, नवा कोरा, वॉरंटीसकट, एका रोलवर ७२ फ्रेम.

सहा_बाय_सहा
१+३ चालेल, पण मूळ द्रावण मोजून घ्या. आयडी-११ च्या एका लिटरमध्ये दहा रोल, म्हणजे रोलमागे १०० मिली मूळ द्रावण हवं. ३०० मिलीच्या १+३ मध्ये ते ७५ च भरतं. ४०० मिली करा: १०० अधिक ३००. वापरून झालं की फेकायचं, पुन्हा बाटलीत नाही.

पेंटॅक्स १७ चांगला कॅमेरा आहे, पण इथे तो सुचवणार नाही. फ्रेम १७ बाय २४ मिमीची, त्यामुळे ४०० च्या फिल्मचे कण आणि धुण्यातले सगळे दोष दुपटीने दिसतात, आणि फोकस अंदाजाने झोन निवडून करायचा. एसआरटीचं शटर यांत्रिक आहे, सेल नसला तरी सगळे वेग चालतात. तो कॅमेरा धरून ठेवा.

आता सेल. एसआरटी १०१ चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या पीएक्स६२५ सेलसाठी जुळवलेला आहे. १.५ व्होल्ट दिले की मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि एक्स्पोजर कमी दिलं जातं, अर्धा ते एक स्टॉप (इथे एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), कधी त्याहून जास्त. एएसए २०० वर ठेवून भागवता येईल असं वाटतं, पण चूक ऊन आणि सावलीत सारखी नसते आणि अल्कलाइनचा व्होल्टेज वापरागणिक उतरत जातो.

पडताळून बघा: दुपारच्या स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी, उन्हात असलेल्या करड्या फरशीवर किंवा वाळलेल्या गवतावर मीटर धरा. ४०० ला शटर १/५०० सेकंद आणि भिंगाचं छिद्र एफ/१६ च्या जवळ यायला हवं. पांढऱ्या भिंतीवर धरू नका, ती फसवते. मीटरवाचून चालवायचं तर कसब्यातल्या अरुंद गल्लीत भर दुपारच्या सावलीला १/१२५ एफ/५.६, वाड्याच्या ओसरीत आतल्या बाजूला १/६० एफ/२.८ पासून सुरुवात करा. निगेटिव्ह फिल्मला शंका आली की उजेड एक स्टॉप जास्त द्या, कमी कधीच नको.

नवी_रीळ
कडेची अक्षरं काळीभोर आहेत. आणि उन्हातल्या फरशीवर मीटर १/१००० एफ/१६ दाखवतोय. म्हणजे पातळपणा सेलचाच, आणि ओसऱ्यांच्या फ्रेम गेल्या त्या गेल्याच. १.३५ चा सेल आता मिळतो का?

सहा_बाय_सहा
पाऱ्याचे सेल बनणं बंद झालंय. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल घ्या, क्रमांक ६७५, निळ्या पट्टीचा, कोणत्याही मोठ्या मेडिकल दुकानात मिळतो. १.४ व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. पट्टी सोलल्यावर लगेच बसवू नका, हवा आत जायला दोन-तीन मिनिटं द्या. तो ११.६ मिमी रुंद आहे आणि खाच जवळपास १६ मिमीची, त्यामुळे बाजूने नळाच्या कामाची रबरी रिंग घालून मधोमध बसवा. सेलची भोकं मात्र झाकली जाऊ देऊ नका. + ची दिशा खाचेतल्या खुणेप्रमाणे. एकदा सोलला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत ते दोनेक महिन्यांत संपतो, म्हणून पाकिटातले बाकीचे सेल सोलू नका.

त्यापेक्षा टिकाऊ हवं असेल तर व्होल्टेज उतरवणारा एमआर-९ अडॅप्टर आणि त्यात १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल. खर्च एकदाच. सेल बसवल्यावर कॅमेऱ्याच्या तळाची कळ बीसीवर (बॅटरी चेक) नेऊन काटा खुणेपर्यंत येतो का बघा, आणि काम झालं की कळ ऑफवर. ती ऑनवर राहिली तर मीटर चालूच राहतो.