काळी गाडी, मीठ आणि रिन्सलेस वॉश : मदत हवी आहे

मंडळी, टोरांटोजवळ राहतो, बाहेर सध्या उणे ८ चाललंय. बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ४-५ डिग्री असतं पण तिथे नळ नाही, आणि फरशीवर पाण्याचं तळं दिसलं की केअरटेकर लगेच हजर, त्यामुळे रिन्सलेसच (नंतर पाण्याने न धुता, द्रावणात भिजवलेल्या कापडाने पुसून घ्यायची पद्धत) करतोय. गाडी काळी आहे (हो हो, माहितीये, ओरखडे लगेच दिसतात).

सध्या ओएनआर (ऑप्टिमम नो रिन्स, रिन्सलेस वॉशचं लिक्विड) वापरतो, १:२५६, म्हणजे ४ लिटर कोमट पाण्यात साधारण १५ मिली. आधी हातपंपाने फवारून ३-४ मिनिटं भिजू देतो, मग प्रत्येक पॅनेलला मायक्रोफायबरची नवी बाजू. छत, काचा, बॉनेट एकदम मस्त निघतात. घोडं अडतं ते दारांच्या खालच्या पट्ट्यात आणि चाकांच्या मागे, तिथे रस्त्यावर बर्फासाठी टाकतात त्या मिठाचा पांढरा थर असतो, बोट फिरवलं तर पॉलिशपेपरसारखा खरखरतो. मागच्या रविवारी जोर न लावता एकदाच पुसलं तरी टॉर्चच्या उजेडात बारीक ओरखडे दिसलेच. वॉटरलेस स्प्रेची (पाण्याशिवाय, थेट फवारून पुसायचा) तर एवढ्या घाणीवर हिंमतच होत नाही.

प्रेशर वॉशला जा असं प्लीज सांगू नका, जाऊन आलोय, दुसऱ्या दिवशी दारांचे रबर गोठून चिकटले आणि मी डिकीतून रांगत आत शिरलो.

तर नेमकं विचारायचंय ते हे, की त्या खालच्या पट्ट्यासाठी प्री-सोक (पुसण्याआधीचा तो फवारा) १:६४ इतका दाट करून जास्त वेळ ठेवला तर मीठ सुटतं का, की आधी पंपानेच साधं कोमट पाणी मारून ते खाली उतरवावं, आणि त्याला साधारण किती लिटर लागतं?