'डायोसिस' म्हणजे दरवेळी 'धर्मप्रांत'च का?

रानजाई
प्राचीन हिप्पोवरचा (आजचं अल्जेरियातलं अन्नाबा) एक लेख मराठीत आणतेय. संत ऑगस्टीन तिथे साधारण 395 पासून 430 मध्ये वारले तोवर बिशप होते. मूळ लेखात 'डायोसिस' दोन अर्थांनी येतो: बिशपच्या अधिकारातला मुलूख, आणि सम्राट डायोक्लेशियनने पाडलेला सरकारी विभाग, ज्यात कित्येक प्रांत मोडत. संपादकांनी दोन्हीकडे 'धर्मप्रांत' करून टाकलं आणि एक रोमन अंमलदार 'आफ्रिका धर्मप्रांताचा अधिकारी' झाला. शिवाय एका शहराला नि त्याच्या भोवतालच्या खेड्यांना 'प्रांत' म्हणायला हात धजत नाही. काय लिहू?

पापडीकर
ताई, आम्ही वसईकर धर्मप्रांतच म्हणतो. 1998 मध्ये आमचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसई तरी कुठे एवढी मोठी? शब्द रुळला की त्याचं क्षेत्रफळ कुणी मोजत नाही. सरकारी विभागाला सरळ 'विभाग' म्हणा. पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, आमच्याकडे धर्मग्राम आणि बिशपना महागुरुस्वामी.

धातुपाठ
क्षेत्रफळ मोजावं लागेल, कारण त्या काळचा आफ्रिका वेगळाच होता. 411 साली कार्थेजला डोनाटिस्ट (कॅथलिकांपासून फुटलेला आफ्रिकी ख्रिस्ती पंथ) आणि कॅथलिक समोरासमोर बसले, तेव्हा दोन्हीकडचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले होते. एकाच गावात दोन पक्षांचे दोन बिशप, असंही सर्रास. 'डायोसिस'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घरकारभार, व्यवस्था. त्यात ना धर्म आहे ना प्रांत.

नगरचा_मुलगा
माझी हरकत 'महागुरू'ला आहे. आमच्या मराठी बायबलात 'अध्यक्ष व सेवक' असंच आहे. आमच्या घरी मंडळी, पाळक, वडील हेच शब्द. आजोबा म्हणायचे, गुरू एकच, बाकी सगळे राखणदार. हिप्पोचे अध्यक्ष ऑगस्टीन, असं लिहायला काय हरकत आहे?

पापडीकर
लोकांना गृहनिर्माण सोसायटी आठवेल, ही हरकत आहे. आणि दादा, महागुरुस्वामी म्हणताना आमच्या मनात मोठेपणा नसतो, माया असते. माझ्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) दिवशी त्यांनी डोक्यावर ठेवलेला हात मला अजून आठवतो.

धातुपाठ
पण 'अध्यक्ष' कमाल नेमका आहे! 'बिशप'चं मूळ ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून पाहणारा. 'अधि' अधिक 'अक्ष' म्हणजे डोळा, तेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला 'अध्यक्षप्रचार' काढून बघा, तिथले सगळे अध्यक्ष देखरेख करणारेच आहेत. 'स्कोप'चं नातं आपल्या 'पश्य' आणि 'स्पष्ट'शी आहे. सभेच्या खुर्चीत बसणारा हा अर्थ नंतर चिकटला.

रानजाई
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण वाचक व्युत्पत्ती घेऊन वाचत नाही. माझा खरा गुंता फुसाला गावापाशी आहे. हिप्पोपासून चाळीस रोमन मैलांवर. तिथे आधी कधीच बिशप नव्हता; ऑगस्टीननी नवा बिशप द्यायचं ठरवलं आणि प्युनिक (कार्थेजची जुनी भाषा) येणारा माणूस शोधला. ठरलेल्या माणसाने ऐन वेळी नकार दिला, म्हणून आपल्याच मठात वाढलेला तरुण अँटोनिनस पुढे केला. त्याने लोकांना इतकं लुबाडलं की म्हाताऱ्या ऑगस्टीननी पोपना लिहिलं, मला पद सोडावंसं वाटतं. तर या पत्रात, फुसाला आधी हिप्पोच्या 'पारोएकिया'त होतं, असे शब्द आहेत. म्हणजे आजचा पॅरिश! धर्मग्राम म्हटलं तर चाळीस मैलांचं ग्राम होतं.

धातुपाठ
'पारोएकिया'च्या मुळाशी असलेला ग्रीक 'पारोइकोस' म्हणजे शेजारी, पुढे उपरा रहिवासी. त्यातला 'ओइकोस' आणि संस्कृत 'प्रतिवेशी'तला 'वेश' एकाच धातूचे.

नगरचा_मुलगा
म्हणूनच म्हणतो, 'हिप्पोची मंडळी' लिहा. माणसं आधी, जमीन नंतर.

पापडीकर
'मंडळी'ने हद्द कळत नाही, आणि फुसालाचा प्रश्न तर हद्दीचाच आहे.

खाडीकिनारी
उशिरा आलो. प्राचीन बिशप म्हणजे फक्त रोम नि आफ्रिकाच का? सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस लिहितो की 'कल्लियाना'त इराणहून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. त्याच कल्याणच्या नावाने 1988 मध्ये सिरो-मलबार (केरळी परंपरेच्या कॅथलिकांचा) धर्मप्रांत झाला!

नगरचा_मुलगा
म्हणजे वसईच्याही आधी कल्याण?

पापडीकर
दहा वर्षं की चौदाशे, कुठून मोजायचं ते ठरवा. पण त्या बंदरातल्या लोकांनी त्याला काय हाक मारली असेल? अध्यक्ष नक्कीच नाही.

धातुपाठ
पूजाविधी सिरियाकमध्ये (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) असणार, तिथला शब्द 'अपिस्कोपा'. बाजारात मात्र प्राकृत चालत असेल. खाडीकिनारी, कॉस्मसचा तो उतारा पूर्ण द्याल का? तिथून कोणता माल बाहेर जायचा तेही त्याने लिहिलंय.

खाडीकिनारी
तांबं, शिसवी लाकूड, कापड. उतारा उद्या टंकतो.