स्नायूंच्या ताणामुळे रेटिनाचा ऱ्हास होतो का?

लोलक
जवळचं काम करताना सिलिअरी स्नायू (डोळ्यातलं भिंग फोकस करणारा) तासन्‌तास आकुंचित राहतो. त्याची मागची टोकं कोरॉइडला, म्हणजे रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला, जोडलेली असल्याने ओढ कडेच्या रेटिनापर्यंत (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यापर्यंत) पोचते. मग मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात सापडणारं लॅटिस (रेटिनाच्या कडेला पातळ झालेले पट्टे) किंवा मॅक्युलाचा (रेटिनाच्या मध्यभागाचा) ऱ्हास या ओढीतून येतो का? आणि विश्रांती दिल्याने तो टळेल का?

दृष्टिक्षेप
ओढ खरी आहे, पण ती अगदी थोडी असते आणि स्नायू सैल झाला की कोरॉइड लवचीकपणे मागे सरकतं. डोळे शिणले की डोकं दुखतं, लांबचं क्षणभर धूसर दिसतं. त्याने रेटिनाच्या पेशी मरत नाहीत.

ऱ्हासाचं मूळ नेत्रगोल लांबण्यात आहे. प्रौढ डोळा साधारण 24 मिमी लांब असतो. लांबी 1 मिमीने वाढली की नंबर अडीच ते तीनने मायनसकडे जातो. 26 मिमीच्या पुढे मागची भिंत फुगण्याची शक्यता वाढते, कोरॉइड पातळ होतं आणि तेवढाच रेटिना जास्त जागेवर ताणला जातो.

हे लांबणं स्नायूंमुळे होतं असं पूर्वी मानत. कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांनी ते मोडीत निघालं. पिलांचा सिलिअरी स्नायू रेखित (पट्टेदार) असतो, त्यावर माणसाचा हा स्नायू सैल करणारं अ‍ॅट्रोपिन चालत नाही. तरी अ‍ॅट्रोपिनने त्यांचा मायोपिया (मायनस नंबर) रोखला जातो. ऑप्टिक नर्व्ह (मेंदूकडे जाणारी नस) कापलेला डोळासुद्धा धूसर पडद्याआड ठेवला की लांबतो. अर्धंच दृष्टिक्षेत्र झाकलं तर गोलाचा तेवढाच भाग वाढतो! म्हणजे वाढीचा संदेश रेटिनातूनच निघतो, स्नायू त्यात गौण.

परिमिती
स्नायूच्या ओढीने रेटिनाला इजा होत नाही, याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवायलाच हवा: पायलोकार्पिन. हे औषध सिलिअरी स्नायू जोरात आकुंचित करतं. चाळिशीच्या नंबरासाठी 1.25% थेंबांना अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्या माहितीपत्रकातच रेटिना फाटण्याचा वा सुटण्याचा इशारा आहे. मायनस नंबर मोठा असेल किंवा लॅटिस असेल तर बाहुली मोठी करून कडेपर्यंत तपासल्याशिवाय हे थेंब सुरू करू नयेत.

बाहेरच्या सहा स्नायूंचं म्हणाल तर, डोळा झटकन फिरला की आतलं जेल मागे रेंगाळतं आणि जिथे चिकटलेलं असतं तिथे रेटिनाला हिसका देतं. लॅटिसच्या कडा अशाच चिकट असतात. यात दोष त्या चिकटलेल्या जागेचा. डोळे कमी फिरवून काही साधत नाही.

लोलक
मग अंतर आणि विश्रांतीचा उपयोग कुठे?

दृष्टिक्षेप
शीण कमी करायला. 25 सेंमीवर वाचताना 4 डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचं एकक) फोकस लावावा लागतो, 40 सेंमीवर अडीच. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 6 मीटरपलीकडे पाहिलं की स्नायू सैलावतो. मुलांमध्ये मायोपिया सुरू होणं लांबवायचं तर रोज दोन तास बाहेरचा उजेड जास्त कामाचा. त्यांचा नंबरही स्नायू सैल करणारे सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालून, 30 ते 45 मिनिटं थांबून काढावा. नाहीतर आखडलेला स्नायू खोटा मायनस दाखवतो.

परिमिती
उणे 6 च्या पुढच्यांनी वर्षातून एकदा रेटिनाची कड तपासून घ्यावी. लक्षणं नसलेल्या लॅटिसवर सहसा लेसर लागत नाही, नुसती नजर ठेवतात. वीज चमकल्यासारखं दिसणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा सरकणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरळ रेघा वाकड्या दिसतात का हे जवळचा चष्मा लावून, 30 सेंमीवर चौकटींचा तक्ता धरून, एक डोळा झाकून पाहा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो.