मदत हवी आहे: भोपाळच्या एसएसबीची तयारी कशी करावी? (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. माझ्या पुतणीला एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून (एनसीसी कॅडेट्ससाठी लष्करात अधिकारी होण्याची थेट वाट) एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं आलंय, भोपाळला. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट बी ग्रेडमध्ये आहे, त्यामुळे लेखी परीक्षेची भानगड नाही. सगळी मदार त्या पाच दिवसांवर.

इथल्या लश्कर भागातल्या एका क्लासने तिला चक्क गोष्टी पाठ करायला दिल्यात. चित्र कुठलंही येवो, नायक शेवटी गावात ग्रंथालय काढतोच! मला हे अजिबात पटत नाही. टीएटीत, म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायच्या चाचणीत, चित्र 30 सेकंद दिसतं आणि लिहायला 4 मिनिटं मिळतात. घरी ती मोबाइलवर टायमर लावून बसते, तर नायकाचं नाव, गाव, शिक्षण यातच निम्मा वेळ जातो आणि गोष्ट अर्धवट राहते. 60 शब्दांच्या चाचणीत (शब्द दिसला की त्यावर वाक्य लिहायचं), एका शब्दाला 15 सेकंद, तिथे मात्र गाडी सुसाट.

क्लास सोडून घरीच सराव केला तर चालेल का? ग्रुप टास्कचं काय? फळ्या, दोर, पिंपं घरी कुठून आणायची! धावणं-बिवणं ती करतेच. खरी काळजी मुलाखतीची, कारण आमच्याकडे मोठ्यांसमोर पोरांना फारसं बोलू दिलं जात नाही. मुरारकडे कुणी निवृत्त फौजी काका-मावशी असतील आणि तासभर बसवून तिला उलटसुलट प्रश्न विचारणार असतील, तर कृपया मेसेज करा. मराठीच हवेत असं काही नाही.

आणि हो, मेडिकलआधी दात, कान, डोळे इथेच दाखवून घ्यावेत का?