'अनवस्था प्रसंग' म्हणजे नक्की कसला प्रसंग?

परवा कोड रिव्ह्यू (दुसऱ्याचा कोड तपासणं) करत होतो, ज्युनियरचं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, स्वतःलाच कॉल करत सुटलेलं, कुठे थांबायचं ती अट लिहायचीच राहिली होती, हजारेक पायऱ्या खोल गेल्यावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने हात टेकले (डिफॉल्ट मर्यादा १००० ची असते) आणि मी सहज बोलून गेलो, "अनवस्था प्रसंग आला की रे." तो म्हणाला म्हणजे काय? झाली पंचाईत. आमची आजी पाहुणे दारात आणि दूध नासलेलं असलं की म्हणायची, 'काय हा अनवस्था प्रसंग!' म्हणजे फजिती, कोंडी वगैरे. पण मला तर्कशास्त्रातला अर्थ अभिप्रेत होता. आजीचा वापर चूक म्हणायचा का?

— चूक कशाला, सरकलेला अर्थ आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनवस्था म्हणजे थारा नसणं. अ ला आधार ब चा, ब ला क चा, आणि हे संपतच नाही. आणि तिथला 'प्रसंग' घटना या अर्थाचा नाहीच, तुमचं म्हणणं मान्य केलं तर गळ्यात येणारी नको ती आपत्ती म्हणजे प्रसंग. मराठीत प्रसंग म्हटलं की 'बाका प्रसंग' आठवतो, तिथून आजीच्या दुधापर्यंत आला असावा. बाकी 'अनावस्था' लिहू नका हो, अन् + अवस्था आहे ते.

— याची भावंडं पण भारी आहेत. स्वतःच्याच खांद्यावर उभं राहिलं की आत्माश्रय, दोघं एकमेकांवर टेकले की अन्योन्याश्रय, तिघं किंवा जास्त मिळून फेर धरला की चक्रक. मॉड्यूल (प्रोग्रॅमचे भाग) एकमेकांना इम्पोर्ट करून बसतात आणि बिल्ड बोंबलतं त्याला आपण सरसकट सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतो, नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) आधी मोजायचे किती जण अडकलेत ते.

— पण सगळ्या रिकर्शनला (फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्याला) अनवस्था म्हणू नका राव. थांबायची अट असली की अनवस्था नाही. वेदान्ताचं ब्रह्मसूत्र २.२.१३ आणि त्यावरचं शंकराचार्यांचं भाष्य बघा, तिथे नेमकं हेच भांडण आहे. वैशेषिक (न्यायाचं जोडीदार दर्शन मानणारे) म्हणतात धागे आणि कापड यांना जोडणारा समवाय, म्हणजे कायमचा न तुटणारा संबंध, हा वेगळा पदार्थ, स्वतंत्र गोष्ट. वेदांती विचारतो, मग समवायाला धाग्याशी कोण जोडणार, दुसरा समवाय? त्याला तिसरा? यावर वैशेषिकांचं उत्तर असं की समवायाला जोडणारं वेगळं काही लागत नाही, तो आपला आपण जोडलेला. बेस केस (थांबायची अट) टाकून मोकळे! शंकराचार्य लगेच पकडतात, हीच सूट संयोगाला (दोन वेगळ्या वस्तूंच्या साध्या जोडाला) का नाही? मी रिव्ह्यूत रोज हेच विचारतो, ही व्हॅल्यू इथेच हार्डकोड (थेट कोडमध्येच पक्की) का केलीस म्हणून, आणि उत्तर साधारण तितकंच पटतं.

— धन्यवाद मंडळी. आजी पण बरोबर आणि मी पण, बरं वाटलं. ज्युनियरने फिक्स पुश केलाय, कमिट मेसेज 'अनावस्था प्रसंग सॉल्व्ड'. मर्ज थांबवलंय, आधी काना काढ म्हटलं.