मदत हवी आहे : स्थलांतरितांसाठी कर्करोग-धोक्याची प्रश्नावली

स्थलांतरानंतर बदलणाऱ्या सवयी आणि कर्करोगाचा धोका यांवर प्रश्नावली तयार करतो आहोत. काही ठिकाणी अडलंय, जाणकारांनी कृपया सांगावं.

‘इथे येऊन किती वर्षं झाली?’ एवढ्यावर भागत नाही, येतानाचं वयही हवंच. जपानहून अमेरिकेत गेलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग लवकर वाढला, जठराचा मात्र सावकाश घटला, पुढच्या पिढीत जास्त. हेलिकोबॅक्टर पायलोरीचा (जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जीवाणू) संसर्ग बहुतेक बालपणीच होतो आणि उपचार नसेल तर माणसासोबतच प्रवास करतो. यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूचंही बरंचसं तसंच. पण आजचं वय म्हणजे येतानाचं वय अधिक वास्तव्याची वर्षं, त्यामुळे तिन्ही एका सांख्यिकी मॉडेलमध्ये सरळ घातली की गणित कोलमडतं. तुम्ही यातलं कुठलं वगळता? आमचा कल वास्तव्याची वर्षं वगळण्याकडे आहे.

तंबाखूचं कोडं याहून किचकट. रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे १ पॅक-वर्ष, हे मोजमाप चघळायच्या तंबाखूला लागू पडत नाही. रोज किती वेळा, तोंडात किती मिनिटं आणि एकूण किती वर्षं, हे स्थलांतराआधीचं व नंतरचं वेगवेगळं विचारावं का? आठवणीत घोळ होतो, म्हणून लग्न, पहिली नोकरी अशा खुणा द्यायचा विचार आहे.

शिवाय गर्भाशयमुखाची तपासणी: साधी अंतर्गत तपासणी झालेल्या अनेकजणी ‘पॅप झाली’ (म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली चाचणी) असं सांगतात. नेमका फरक कळेल असा सोपा प्रश्न कुणी वापरला असेल तर शब्दशः पाठवाल का?